‘नको घेऊ’ची मजुरी

माझी नणंद दुसऱ्यांसाठी खरेदी करते आणि त्यावर स्वतःचं पोट भरते. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे नक्की काय करतात त्या?" लग्न होऊन या घरात आले तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "काही नाही गं, दिवसभर बाजार हुंगत फिरते." वन्सं तिथेच बसून बूट पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हुंगत नाही, आई. चिमटीत धरते."

बाजारात त्यांना चिमटी म्हणूनच ओळखतात. कुठलंही कापड असो, आधी अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरायचं, चोळायचं, मग मुठीत चुरगळून सोडायचं आणि ते किती वेळ रुसून बसतं ते बघायचं. लोकरवाले काका त्या लांबून दिसल्या तरी म्हणतात, "आली चिमटी, माल सांभाळा रे." त्यांच्या स्वतःच्या अंगावर मात्र वर्षानुवर्षं एकच तपकिरी कोट. तसे दोन आहेत, पण इतके सारखे की दुसरा आहे हे पहिला वाळत पडल्यावरच कळतं. मी एकदा म्हटलं, "वन्सं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." तर म्हणाल्या, "मग काय, दिव्याने स्वतःचे पाय बघत बसायचं?"

लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलंच तर सांगतात, "स्थळं आणली होती की दाखवायला. पसंत पडली नाहीत, परत केली." सासूबाई याला निगरगट्टपणा म्हणायच्या. मी काही म्हणत नाही. देवाने प्रत्येकाला वेगळ्या मापाने बेतलंय, एवढंच मला वाटतं.

आता कामाचं सांगते, कारण लोकांना वाटतं त्यात काय आहे, पिशवी उचलली आणि निघालं. त्यांच्याकडे येणारी माणसं म्हणजे कोणाला वेळ नसतो, कोणाला जिने चढवत नाहीत, कोणाला दुकानात शिरलं की घाम फुटतो. एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतात, पण विक्रेत्यासमोर त्यांचं स्वतःचं उघडत नाही. जे दाखवेल ते घेऊन येतात. असे लोक वन्संना बोलावतात.

आणि वन्सं पहिल्या भेटीत बाजारात जातच नाहीत. आधी घरी जातात आणि म्हणतात, "कपाट उघडा." सगळं बाहेर काढायला लावतात, पलंगावर डोंगर होतो. मग एकेक उचलून विचारायचं: हे कधी घातलं होतं, हे का घालत नाही, हे कशासाठी घेतलं होतं. लोक आधी ओशाळतात. आपलं कपाट परक्या बाईसमोर उघडणं म्हणजे डॉक्टरपुढे पोट उघडं करण्यासारखंच. पण निम्म्या वेळा जे विकत आणायला बोलावलेलं असतं, ते त्या डोंगरातच सापडतं. कधी तर दुकानाच्या चिठ्ठीसकट, घडीही न मोडलेलं. "आधी कपाट, मग बाजार," हा त्यांचा नियम. सापडलं की त्या म्हणतात, "हे आहे की. नको घेऊ." आणि मजुरी मागतात.

इथेच नवीन माणसाची गाडी अडते. खरेदीच झाली नाही तर मजुरी कसली? वन्सं शांतपणे सांगतात, "माझी मजुरी फेरीची. घेतलं तरी तीच, नाही घेतलं तरी तीच." बाजारात हे काम करणारी आणखीही माणसं आहेत, पण ती गिऱ्हाइकाकडून थोडं आणि दुकानदाराकडून बरंच घेतात. गिऱ्हाईक आणून सोडलं की त्यांचा टक्का ठरलेला. वन्सं दुकानदाराकडून चहा घेतात, बाकी काही नाही. मी सुरुवातीला म्हटलं होतं, "घेतला टक्का तर काय बिघडतं? दुकानदार देतोच आहे." तेव्हा त्यांनी सांगितलं, "वहिनी, टक्का घेतला की तोंडातून ‘नको’ निघत नाही. आणि ‘नको’ निघत नसेल तर माझ्या ‘घे’ला कोण विचारतो?"

म्हणून त्या चुकत नाहीत असं नाही. एकदा फार मोठी चूक केली. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, एकट्याच राहतात. त्यांचं कपाट उपसताना वन्संच्या हाती एक जुना पुरुषी स्वेटर लागला, कसरीने चाळण केलेला. वन्सं म्हणाल्या, "हा तर किड्यांनी आधीच वाटून घेतलाय," आणि टाकून द्यायच्या ढिगात भिरकावला. बाई उठल्या, स्वेटर उचलला आणि मांडीवर घेऊन बसल्या. "माझ्या भावाचा आहे," म्हणाल्या. "तो नाही आता."

त्या दिवशी वन्सं घरी येऊन जेवल्या नाहीत. ज्यांनी कधी सुईत दोरा ओवला नाही, त्या दुसऱ्या दिवशी लोकरवाल्या काकांकडे जाऊन रफू शिकत बसल्या आणि तो स्वेटर मागून आणून त्याचं एकेक भोक बुजवून परत दिला. फार काही देखणा झाला नाही. पण तेव्हापासून कपाटातल्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी त्या विचारतात, "हे कोणाचं?" असली चूक याच धंद्यात होते आणि ती फक्त एकदाच करायची असते, असं त्या म्हणतात.

असं त्यांचं बरं चाललं होतं. चैन नव्हती, पण घरातलं वाणसामान त्या भरायच्या. हा वाटा त्यांचा त्यांनीच ठरवलेला, सासूबाई असल्यापासून. भावाकडे राहायचं, पण भावावर नाही, हे त्यांचं एक वाक्य आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखं असतं, कोणी ऐकत नसलं तरी चालू.

मग चौकात काचेचं दुकान आलं.

पूर्वी तिथे छापखाना होता. तो पाडून चार मजली काच उभी केली. आत सरकते जिने, सुगंध, आणि निळ्या जाकिटातल्या हसऱ्या मुली. त्या मुलींना नाव दिलं होतं ‘खरेदीसखी’. तुम्ही दारातून आत आलात की एक सखी तुमच्याबरोबर. काय हवं, काय शोभेल, कशावर काय जाईल, सगळं ती सांगणार. फुकट. वर कॉफी.

पहिल्यांदा डॉक्टरीणबाई गेल्या. वन्संना रस्त्यात भेटल्या तर स्वतःच सांगू लागल्या, "अहो, वाईट वाटून घेऊ नका. तिथे फुकट मिळतं, शिवाय ती मुलगी किती गोड बोलते." वन्सं म्हणाल्या, "गोड बोलते ना? मग तुमचं गिऱ्हाईक वाढणार. दात किडणार." डॉक्टरीणबाईंना हसावं की रागवावं कळेना. मग एकेक करून बाकीचेही गेले. शाळेतल्या बाई तेवढ्या राहिल्या, पण त्यांना वर्षाला लागतं ते काय, एखादा टॉवेल.

वाणसामानाचे डबे अर्ध्यावर भरू लागले. जेवताना वन्संचा हात आखडायला लागला. "भूक नाही," म्हणायच्या. घरात बाईला भूक नसते तेव्हा काय असतं ते दुसऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मी मुद्दाम जास्तीचं वाढायचे, त्या मुद्दाम ठेवायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "वन्सं, हे घर काय परक्याचं आहे?" तर म्हणाल्या, "परक्याचं असतं तर पोटभर जेवले असते. त्याचे उपकार फेडता येतात."

अशात काचेच्या दुकानाचा मॅनेजर आमच्या घरी आला. तरुण, नम्र, केस बसवलेले. खुर्चीच्या टोकावर बसला. बाजारात चौकशी केली तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, म्हणाला. सख्यांच्या वर एक प्रमुख सखी नेमायची आहे. दरमहा पगार, आजारपणाची रजा, निळं जाकीट. "आणि तुमची जुनी गिऱ्हाइकं असतील, त्यांनाही घेऊन या."

"ती आलीच आहेत तुमच्याकडे," वन्सं म्हणाल्या.

"मग तर उत्तमच. तुम्हीच तेवढ्या राहिलात."

आमच्या ह्यांचा चेहरा उजळला. मॅनेजर जाईपर्यंत कसाबसा धीर धरला आणि मग सुरू झाले. "देवासारखा आला माणूस. पायपीट थांबेल. वय झालं आता तुझं."

"माझं वय झालं तर तुझं काय झालं, दादा? मी तुझ्यापेक्षा लहान आहे."

"चेष्टा नको. पगार म्हणजे पगार असतो. ऊन असो, पाऊस असो."

"हो, आणि जाकीट म्हणजे जाकीट. कोणाचं खातोय ते पाठीवर लिहिलेलं असतं."

मीही ह्यांच्याच बाजूने बोलले. मला त्यांचे ते अर्धे भरलेले डबे बघवत नव्हते. शेवटी हे म्हणाले, "एक दिवस जाऊन तर बघ. नाही पटलं तर ये परत."

वन्संनी विचारलं, "म्हणजे पसंतीवर?"

"हो, पसंतीवर."

मग मात्र त्यांना नाही म्हणता येईना. बघितल्याशिवाय ‘नको’ म्हणायचं नाही, हा त्यांच्याच धंद्याचा नियम त्यांच्यासमोर ठेवला होता.

त्या दुकानात गेल्या त्या दिवशी चष्मा घरीच विसरल्या, म्हणून दुपारी मी तो द्यायला गेले. आत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘पसंत न पडल्यास महिनाभरात परत. कारण विचारणार नाही.’ त्याच्याखाली आमच्या वन्सं निळ्या जाकिटात उभ्या. शाळेच्या गणवेशात मोठं माणूस कोंबावं तशा दिसत होत्या. त्यांच्यासमोर एक बाई काळा कोट घालून आरशात बघत होती.

"घरी कपाटात काय काय आहे?" वन्संनी विचारलं.

"कपाटात? दोन काळे कोट आहेत. पण हा वेगळा आहे, याला पट्टा आहे."

"त्या दोघांना पट्टा नाही म्हणून करमत नाही का?"

बाई हसायला लागली. "खरंच की. दोन आहेत तेच कुठे घालते मी." तिने कोट काढून ठेवला आणि वन्संचे आभार मानून रिकाम्या हाताने निघून गेली. पलीकडे एक मुलगा बूट घालून बघत होता. त्यालाही वन्संनी चालून दाखवायला लावलं आणि सांगितलं, "नको घेऊ. आतमध्ये बोटं मुडपलीयत तुझी, चेहऱ्यावर दिसतंय." तोही गेला. नंतर मला कळलं की सकाळपासून हेच चाललं होतं.

मॅनेजर आला. आवाज अजूनही नम्रच. "ताई, आपल्याकडे ‘नको’ म्हणत नाहीत. आपण म्हणायचं, तुम्हाला खुलून दिसतंय."

"आणि खुलत नसेल तर?"

"तरी म्हणायचं."

"आणि ती बाई घरी जाऊन आरशात बघेल तेव्हा?"

"तेव्हा आपण तिथे नसतो, ताई."

वन्संनी जाकीट काढलं, नीट घडी केली, आणि सवयीने बाही उलटी करून चिमटीत धरली. "काखेत शिवण उसवलीय," म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला द्याल तेव्हा आधी टाका घालून घ्या." आणि माझ्या हातातून चष्मा घेऊन, तो डोळ्यांवर चढवून, सरकत्या जिन्याला वळसा घालून दाराबाहेर पडल्या. मी मागोमाग. सखी मुली एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

घरी रामायण झालं. हे म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतेस." त्या म्हणाल्या, "पळत्याच्या मागे कुठे? मी बसूनच आहे." हे म्हणाले, "हेकटपणाने पोट भरत नाही." ते मात्र खरं होतं आणि ताट समोर होतं. ताटात वाढलेलं त्यांनी निम्मं बाजूला केलं.

मी संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा म्हटलं, हिला थोडी अक्कल दे, नाहीतर काम दे. देवाने दुसरं दिलं. पहिलं त्यालाही जमण्यासारखं नसावं.

झालं असं, की काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई आमच्या दारात. चेहरा असा, की आज त्यांचाच दात काढायचा असावा. "जरा घरी येता का?" वन्सं गेल्या. कपाटाचं दार लागत नव्हतं. गुडघा टेकवून लोटलं तरी उघडायचं. आत सगळा काचेच्या दुकानाचा माल, निम्म्याहून जास्त पिशवीबाहेरही न काढलेला.

"ती मुलगी म्हणायची खुलून दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला नाही म्हणवेना. एवढी कॉफी पाजली तिने."

"मग परत करा. भिंतीवर लिहिलंय त्यांच्या, कारण विचारणार नाही."

"मला लाज वाटते हो. तिच्या समोर जाऊन कसं परत करू?"

वन्संना त्या क्षणी काय सुचलं ते त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. त्या म्हणाल्या होत्या, "द्या त्या पिशव्या इकडे. तुमची लाज मी वाहून नेते. त्याची मजुरी पडेल."

आणि हाच धंदा झाला. कारण लाज काही एकट्या डॉक्टरीणबाईंना नव्हती. गावभर लोक गोड बोलण्याला भुलून घेऊन आले होते आणि कपाटात लपवून बसले होते. कोणी नवऱ्यापासून, कोणी सासूपासून, बरेचसे स्वतःपासूनच. वन्सं घरोघर जाऊ लागल्या. आधी कपाट, मग काचेचं दुकान. महिना व्हायच्या आतलं जे असेल, घडीचं, चिठ्ठी लावलेलं, ते काउंटरवर नेऊन ठेवायचं. वापरलेली एकही वस्तू त्यांनी कधी नेली नाही. एकीने एका समारंभात मिरवून झाल्यावर झगा पुढे केला तर त्यांनी गळ्याची पट्टी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "पावडर लागलीय. हा तुमचाच झाला आता, नांदवा." लोकांना त्यांचं ‘नको घेऊ’ पुन्हा आठवलं. पुढच्या वेळी घ्यायच्या आधीच बोलावणी येऊ लागली. डबे काठोकाठ भरले आणि वन्संची भूक परत आली. मी ती परत आलेली भूक बघून देवाला साखर ठेवली, कोणाला सांगितलं नाही.

काचेच्या दुकानाला हे किती दिवस सोसवणार? एक दिवस त्यांनी दारावर दुसरी पाटी लावली. वस्तू परत करायला गिऱ्हाइकाने स्वतः किंवा त्याच्या घरच्या माणसाने यावं, एजंटांना प्रवेश नाही. दारावरच्या गार्डला वन्सं नीट दाखवून ठेवल्या.

वन्संच्या हातात त्या दिवशी एका ओल्या बाळंतिणीच्या पिशव्या होत्या. तिला काही घराबाहेर पडता येत नव्हतं आणि मुदत संपत आली होती. गार्ड वयस्क, भल्या चेहऱ्याचा माणूस. त्याने हात आडवा केला. "बाई, राग मानू नका. माझी नोकरी आहे."

"राग कसला. तुमची नोकरी तुम्ही करा, काका. मी माझी करते," असं म्हणून वन्सं दाराशेजारी फुटपाथवर पिशव्या घेऊन उभ्या राहिल्या. आत जाणारी येणारी ओळखीची माणसं विचारायची, का हो इथे? वन्सं सांगायच्या, "घरचं माणूस नाही म्हणून."

घरी हे म्हणाले, "संपलं ना? शेवटी दार त्यांचं आहे."

"दार त्यांचं आहे, फुटपाथ कोणाचा?"

"फुटपाथवर उभं राहून काय मिळणार?"

"ते मला माहीत नाही, दादा. पण मी खाली बसले तर काय मिळेल ते माहितीये."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा उभ्या. मी डबा घेऊन गेले. मनातून मला भीती वाटत होती की हे असंच चाललं तर लोक हसतील, आणि हसलेल्या माणसाला कोणी काम देत नाही. तेवढ्यात शाळेतल्या बाई काठी टेकत आल्या. त्यांना काही परत करायचं नव्हतं. त्या सरळ गार्डसमोर उभ्या राहिल्या.

"हिला का अडवलंय?"

"घरचं माणूस लागतं, बाई. पाटी आहे."

"मग? ही माझी बहीण आहे."

गार्डने एकदा बाईंकडे, एकदा वन्संकडे बघितलं. चेहऱ्यात काडीचं साम्य नाही. "सख्खी?"

"माझ्या भावाच्या स्वेटरचं रफू हिने केलंय," बाई म्हणाल्या. "आता सख्खी म्हणजे आणखी काय असतं, तुम्हीच सांगा." आणि वर शाळेतला आवाज लावून म्हणाल्या, "सरका."

तो सरकला. मला वाटतं तोही कधीतरी कोणाच्या तरी शाळेत होताच.

पुढे काय झालं ते सांगायलाच नको. बातमी कपाटातून कपाटात गेली. बाळंतिणीचा नवरा आला, त्याने सांगितलं ह्या माझ्या आत्या. डॉक्टरीणबाई दवाखान्यातून पांढऱ्या कोटातच आल्या, म्हणाल्या मावशी. एका तरुण मुलीने तर विहीण सांगून टाकलं, तिचं स्वतःचंच लग्न व्हायचं होतं. वन्सं प्रत्येकाबरोबर मान ताठ ठेवून आत जायच्या, पिशवी काउंटरवर ठेवायच्या आणि पावती घेऊन बाहेर यायच्या. गार्ड शेवटी कपाळावर हात मारून म्हणाला, "बाई, तुमचं घर आहे की गाव?"

"घरच आहे, काका. कपाटं जास्त आहेत, एवढंच."

मॅनेजर खाली आला. आता आवाजातली साय थोडी फाटली होती. "या सगळ्यांच्या तुम्ही कोण लागता, ताई?"

वन्संनी भिंतीवरच्या हातभर अक्षरांकडे बोट केलं. "तुम्हीच लिहिलंय ना, कारण विचारणार नाही?"

काउंटरवर रांग होती. रांगेतल्या बायका हसल्या, आणि काउंटरमागची सखी मुलगीही ओठ दाबून खाली बघायला लागली. मॅनेजर वर गेला. ती दुसरी पाटी त्याने काढली नाही, पण ती कोणाला लागू करायची हिंमतही नंतर कोणाला झाली नाही. गार्ड नातं विचारायचा तो आता फक्त गंमत म्हणून.

यात आमच्या घरचं एक सांगायचं राहिलं. कपाट आवरताना मला ह्यांच्या कपड्यांमागे एक नवं कोरं चेक्सचं जाकीट सापडलं. चिठ्ठी तशीच. मी विचारलं तर आधी ते पुन्हा कपड्यांमागे सारू लागले. मग म्हणाले, "त्या मुलीने सांगितलं, खुलून दिसतंय." घालून दाखवा म्हटलं, तर पोटावर बटण लागेना.

"परत करा की."

"कसं करू? लाज वाटते. आणि तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

दोन दिवस जाकीट कपाटात होतं आणि हे कपाटाशी घुटमळत होते. शेवटी रात्रीच्या जेवणाला बसायच्या आधी ह्यांनी पिशवी वन्संसमोर ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "एवढं परत करून देशील का?"

वन्संनी पिशवीत डोकावलं. मला वाटलं आता इतक्या दिवसांचं सगळं व्याजासकट निघणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मजुरी पडेल, दादा."

"भावाकडूनसुद्धा?"

"घ्यायच्या आधी विचारलं असतंस तर घरचं म्हणून फुकट सांगितलं असतं. वाहून न्यायची मजुरी पडते."

ह्यांनी मजुरी काढून दिली. कुरकुरत दिली, पण पूर्ण दिली, आणि वन्संनी ती पदरी पडलेल्या इतर कुठल्याही मजुरीसारखी निमूट खिशात ठेवली. त्या दिवशी हे ताटावर बसून म्हणाले, "वाढ गं हिला नीट," आणि वन्सं नको म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर निघाले. त्या म्हणाल्या, "तू कशाला? मी जाते की एकटी." मी म्हटलं, "नाही, येते." इतक्या परक्या लोकांनी त्यांना आपलं म्हणून सांगितलं होतं, आणि मी त्यांची खरी नातेवाईक, मी अजून त्या दाराशी डबा देण्यापुरतीच उभी राहिले होते.

गार्डने आम्हाला बघितलं. "आज कोण?"

मी पुढे झाले. "मी भावजय. ह्या माझ्या नणंदबाई. आणि ह्या खरोखरच्या नणंद आहेत, काका."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की असल्या शंभर भावजया त्याने बघितल्यात. "सगळे हेच म्हणतात, बाई," तो म्हणाला. "त्यातल्या त्यात तुमचं तर मला अजिबात खरं वाटत नाही. सख्ख्या नणंदेसाठी कोणती भावजय दारात येऊन उभी राहते?"

वन्संना इतकं हसू आलं की पिशवी खाली ठेवावी लागली. मग त्यांनी माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली, चोळली, सोडली, आणि गार्डला म्हणाल्या, "अस्सल आहे, काका. मी बघितलंय. सोडा आत."

आणि त्याने दार उघडलं.